माहुली किल्ला आणि जुना कल्याण प्रांत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याहून दर पावसाळ्यानंतर आम्ही काही मंडळी माहुलीला जातो. सोबत नवीन माणसं असतात आणि तेच ते प्रश्न येतात. काही गाडीत, काही शिडीखाली दम खाताना, काही परतल्यावर व्हॉट्सअॅपवर. दर वेळी टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलं.

कसारा लोकलमधून वासिंद सुटलं की डाव्या हाताला करवतीसारखा डोंगर दिसतो, तो कुठला?

तोच माहुली. शहापूर तालुक्यात, आसनगाव स्टेशनपासून जेमतेम पाच किलोमीटरवर. उंची २,८१५ फूट. दक्षिणेच्या टोकाला जे सुळके उभे दिसतात त्यांना नवरा, नवरी आणि भटजी म्हणतात. वजीर नावाचा सुळका वेगळा. तो प्रस्तरारोहण करणाऱ्यांचा, आपल्यासारख्यांनी खालूनच नमस्कार करायचा.

हा ठाणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच डोंगर ना?

असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आहे, पण नाही. याच शहापूर तालुक्यातला आजोबाचा डोंगर साडेचार हजार फुटांवर जातो. फक्त किल्ल्यांचं म्हटलं तरी मुरबाडचा सिद्धगड माहुलीपेक्षा उंच आहे. माहुली भव्य वाटतो कारण तो सह्याद्रीच्या रांगेपासून सुटून एकटाच उभा आहे. रांगेतल्या डोंगराला मागे भिंत असते, याच्या मागे नुसतं आभाळ.

एक किल्ला आहे की तीन?

डोंगर एक, किल्ले तीन. उत्तरेला पळसगड, मधे माहुली, दक्षिणेला भंडारगड. मधल्या खिंडींनी ते एकमेकांपासून तुटलेले आहेत. एका दिवसात तिन्ही करू असं म्हणून निघालेले बहुतेक जण मधल्या माहुलीवर डबा खाऊन परत येतात, त्यात आम्हीही आलो.

आजच्या ट्रेकरांनीच हे तुकडे पाडले असं समजू नका. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवरायांनी मिर्झाराजे जयसिंगाला २३ किल्ले दिले. त्या यादीत माहुली, पळसगड आणि भंडारगड ही तीन नावं वेगवेगळी येतात. म्हणजे २३ पैकी ३ एकाच डोंगरावरचे. पाठ्यपुस्तकात ‘२३ किल्ले’ असं वाचताना हे लक्षात येत नाही.

वर शहर होतं का? वस्ती किती असेल?

रायगडासारखी बाजारपेठ डोळ्यांपुढे आणून जाल तर निराश व्हाल. वर वाड्याचे चौथरे आहेत, महादरवाजा आणि त्याच्या आतल्या देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा, आहेत, पाण्याची टाकी आहेत, पडक्या देवळाचे दगड आहेत, नमाजाची जागा आहे. किल्लेदार, शिबंदी म्हणजे गडावरची फौज, आणि त्यांची घरं, एवढा संसार वर मावत होता. वेढ्याच्या काळात यात माणसं कोंबली जायची, एरवी मोकळं.

पेठ कायम खालीच. व्यापारी डोंगर चढून वर दुकान मांडत नाही, तो रस्त्याच्या कडेला बसतो. आणि इथला रस्ता मोठा होता. कल्याण बंदरातून निघून थळ घाटाने, म्हणजे आजच्या कसारा घाटाने, नाशिककडे जाणारा. आजचा मुंबई-आग्रा रस्ता आणि रेल्वे दोन्ही जवळपास त्याच वाटेने जातात.

बांधला कोणी?

किल्ला जुना आहे, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने तो ताब्यात घेतला. तिथून पुढचा इतिहास हातात लागतो. पाया कुणी घातला याच्या दंतकथा पायथ्याच्या गावात ऐकायला मिळतात. ऐकाव्यात, गंमत असते.

‘कल्याण प्रांत’ म्हणजे नेमका कुठला मुलूख?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण याचं उत्तर कळलं की माहुली कळतो.

आपल्याला आज ठाणे हे जिल्ह्याचं ठिकाण आणि कल्याण हे जंक्शन. पण फार मोठ्या काळासाठी या भागाचा धनी कल्याण होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक नाविकाच्या टिपणात, ज्याला पेरिप्लस म्हणतात, ‘कल्लिएना’ बंदर येतं. सातवाहनांच्या राज्यात ते उघडं होतं, पुढे राजकारण फिरलं आणि इथे आलेल्या ग्रीक जहाजांना पहारा देऊन भडोचला नेलं जाऊ लागलं, असं तो लिहितो. दोन हजार वर्षांपूर्वीची बंदराची भांडणं! कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे रहिवासी आहेत. कल्याणला उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला जायचा, आणि घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण आजही आहे, ज्यात जकात गोळा करायचे असं सांगतात.

ठाणेही कमी नव्हतं. शिलाहारांच्या ताम्रपटांतलं ‘श्रीस्थानक’ म्हणजे आपलं ठाणं. अंबरनाथचं शिवमंदिर त्यांच्याच काळातलं, शिलालेखात शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० आहे. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यादवांशी लढताना समुद्रात बुडाला आणि तेराव्या शतकात ते राज्य संपलं. बोरिवलीजवळ एक्सरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे दगड, आहेत, त्यांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. कधी गेलात तर जरूर बघा, वल्ही मारणारी माणसं मोजता येतात.

मग १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्यासोबत साष्टी (ठाणे ते वांद्रे हे बेट), मुंबई पोर्तुगीजांना दिली आणि या मुलखाचे दोन तुकडे झाले. खाडीच्या अलीकडे, म्हणजे ठाणे-साष्टी-वसई, पोर्तुगीज. पलीकडे, म्हणजे कल्याण, भिवंडी आणि थेट घाटापर्यंत, आधी निजामशाही, मग आदिलशाही, मराठे, मुघल, पुन्हा मराठे. आज ठाणे ते कल्याण फास्ट लोकलने वीस-पंचवीस मिनिटं. दोनशे वर्षं तो दुसरा देश होता. कळव्याचा पूल ओलांडताना मला हे हमखास आठवतं, मग गर्दीत आठवणं बंद होतं.

तर प्रांत असा : एका टोकाला कल्याणची खाडी आणि बंदर, दुसऱ्या टोकाला नाणेघाट आणि थळ घाट, मधे काळू, भातसा, उल्हास यांची खोरी. बंदराची जकात आणि घाटाची वाट ज्याच्या हातात, प्रांत त्याचा. माहुली या दोन्हींच्या मधे बसलेला पहारेकरी. नुसता माहुली घेऊन कुणाचं पोट भरत नव्हतं. पण कल्याण घेतलं आणि माहुली शत्रूकडे राहिला, तर झोप लागत नव्हती. पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

१६३६ साली इथे काय झालं?

निजामशाही इथे संपली. दौलताबाद १६३३ मध्येच मुघलांनी घेतली होती, सुलतान कैदेत गेला होता. पण शहाजीराजांनी हार मानली नाही. निजामशाही घराण्यातलं एक लहान मूल, मुर्तजा, त्यांनी पेमगिरीवर गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने तीन वर्षं राज्य चालवलं. मुलखातले किल्ले, घाट, जुन्नर, उत्तर कोकण यांचा कारभार शहाजीराजे पाहत होते. बादशहा शहाजहान स्वतः दक्षिणेत उतरला तो यामुळे.

१६३६ च्या मे महिन्यात शहाजहान आणि विजापूरचा आदिलशहा यांचा तह झाला. निजामशाही दोघांत वाटून घ्यायची आणि शहाजीला मिळून चेपायचं. मुघलांकडून खानजमान आणि विजापूरकडून रणदुल्लाखान निघाले. शहाजीराजे पुण्याकडून घाट उतरून कोकणात आले. पोर्तुगीजांकडे आसरा मागितला, त्यांना मुघलांशी वैर नको होतं, ते नाही म्हणाले. मग राहिला माहुली.

भर पावसाळ्यात पाठलाग झाला. ज्याने ऑगस्टमध्ये आसनगावचा पाऊस पाहिलाय त्याला कळेल मी काय म्हणतोय. ओढे फुटून वाहतात, करवीचं रान डोक्याच्या वर गेलेलं असतं, चार हातांवरचा माणूस धुक्यात दिसत नाही. अशा हवेत वेढा पडला. गड उंच होता, बेलाग होता, पण बाहेरून मदतीला येणारं कोणी उरलं नव्हतं. वेढ्यात किल्ला हरतो तो याच कारणाने, तटाच्या उंचीला त्यात फार अर्थ नसतो.

ऑक्टोबरच्या सुमारास शहाजीराजांनी तह केला. बाल निजामशहा मुघलांच्या हवाली झाला, निजामशाहीचे त्यांच्याकडचे किल्ले सोडावे लागले, ते स्वतः आदिलशाहीच्या चाकरीत गेले. उत्तर कोकण विजापूरच्या वाट्याला आलं. पुणे-सुप्याची जहागीर शहाजीराजांकडे राहिली आणि पुढे त्या जहागिरीत काय घडलं ते सांगायची गरज नाही.

या वेढ्यात जिजाऊ आणि सहा वर्षांचे शिवबा गडावर होते, असं काही इतिहासकार मानतात. वरच्या देवड्यांत बसल्यावर लहान मुलं हा प्रश्न हमखास विचारतात : ते इथेच बसले होते का? आम्ही म्हणतो, इथल्याच कुठल्या तरी दगडावर.

शिवरायांचा जन्म माहुलीवर व्हायचा होता, हे खरं का?

जन्म शिवनेरीवर, १९ फेब्रुवारी १६३०. गरोदरपणी जिजाऊ माहुलीवर होत्या ही गोष्ट या भागात प्रेमाने सांगितली जाते. गोष्ट म्हणून ऐका. पुराव्याने बोलायचं तर १६३६ चा वेढा भक्कम आहे आणि माहुलीला मोठेपण द्यायला तेवढा पुरेसा आहे.

शिवरायांनी माहुली कधी घेतला?

दोनदा. पहिल्यांदा कल्याणसोबत. २४ ऑक्टोबर १६५७ ला कल्याण-भिवंडी घेतली आणि ८ जानेवारी १६५८ ला माहुली. मधे जेमतेम अडीच महिने. वर म्हटलं ते आठवा : कल्याण घेतलं की माहुली घ्यावाच लागतो.

कल्याणच्या खाडीकाठच्या टेकाडावर दुर्गाडी किल्ला बांधायला काढला. पाया खणताना द्रव्य सापडलं असं सांगतात. खाडीत जहाजं बांधायला सुरुवात झाली. मराठी आरमाराचं बाळंतपण कल्याणच्या खाडीत झालं. कारागीर कुठून आणायचे? तर वसईकडचे पोर्तुगीज. लैतांव व्हियेगस नावाचे बापलेक आपल्या माणसांसह कामाला लागले होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याला कळलं की उद्या ही जहाजं आपल्यावरच येणार, त्याने निरोप पाठवला आणि ही मंडळी काम टाकून निघून गेली. आरमार तरीही झालं.

१६६१ मध्ये मुघलांनी कल्याण घेतलं. १६६५ मध्ये माहुली तहात गेला. मग १६७०.

त्या वर्षी फेब्रुवारीत मराठ्यांनी माहुलीवर रात्रीचा छापा घातला. मुघलांचा किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता. त्याने हल्ला मोडून काढला, आपली पुष्कळ माणसं पडली. हा पराभव आपण फारसा सांगत नाही, पण सांगायला हवा, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळत नाही. विजय मिळूनही मनोहरदासाने ओळखलं की वरून मदत येणार नाही आणि हा गड टिकणार नाही. त्याने किल्लेदारी सोडली. त्याच्या जागी अलावर्दी बेग आला. १६ जून १६७० ला मोरोपंत पिंगळ्यांनी गड घेतला, अलावर्दी बेग मारला गेला. पुन्हा जून, पुन्हा पाऊस.

कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट खरी आहे का?

खणानारळाने ओटी भरून परत पाठवलेली, तीच ना? ही गोष्ट महाराष्ट्राच्या हाडामांसात गेली आहे, पण समकालीन कागदपत्रांत तिला आधार नाही. परस्त्रीबद्दल शिवरायांच्या फौजेला कडक शिस्त होती, हे मात्र त्यांच्या शत्रूंनीही लिहून ठेवलंय. त्यामुळे प्रसंग खरा नसला तरी माणूस खराच होता. (हे वाचून कुणी रागावलं तर चहा माझ्याकडून.)

१६७० नंतर?

भराभर सांगतो. संभाजीराजांच्या काळात कल्याण-भिवंडी भागात मुघलांशी वर्षानुवर्षं झुंज चालली. १६८९ नंतर मुघल सरदार मातबरखानाने कल्याण, माहुली आणि आसपासचे गड घेतले. १७१९-२० च्या सुमारास कल्याण पुन्हा मराठ्यांकडे आलं आणि पेशव्यांचा कल्याण सुभा सुरू झाला. या सुभ्याचा सगळ्यात मातब्बर कारभारी रामाजी महादेव बिवलकर. १७५५-५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेऊन तुळाजी आंग्र्यांचं आरमार मोडलं, त्यात याचा मोठा हात. आपलं आरमार आपणच बुडवलं, हे वाक्य लिहिताना अजूनही हात अडखळतो. कल्याणला सुभेदारवाडा आहे, तो याच घराण्याचा.

१८१७ च्या जूनमध्ये पुण्याच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने उत्तर कोकण इंग्रजांना दिलं आणि माहुलीची नोकरी संपली.

आणि ठाण्याचा किल्ला? तो कुठे गेला?

रोज त्याच्यासमोरून जाता. मध्यवर्ती कारागृह आहे ना, तोच. पोर्तुगीजांनी १७३० च्या आसपास बांधायला घेतला. काम पुरं होण्याआधीच १७३७ च्या मार्चमध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे घेतलं. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि खाडीच्या दोन्ही तीरांवर दोनशे वर्षांनी एकच राज्य आलं. टिकलं मात्र पस्तीसेक वर्षं. १७७४ च्या डिसेंबरअखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी कायमची गेली.

१८१६ च्या १२ सप्टेंबरला पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे, इंग्रजांच्या कैदेत असलेला, या किल्ल्यातून निसटला. बाहेर घोडे धुणारा एक मराठा मोतद्दार गाणं म्हणायचा, आणि गाण्यातच पळून जायची खूण होती, अशी आख्यायिका. पहारेकरी गोऱ्यांना मराठी कुठलं कळायला! याच तुरुंगात २ मे १८४८ ला इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे फासावर गेले आणि १९ एप्रिल १९१० ला नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या वधाच्या खटल्यातले अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे.

ठाण्याहून जायचं कसं? किती वेळ लागतो?

सकाळची पहिली-दुसरी कसारा किंवा आसनगाव लोकल. आसनगावला उतरून रिक्षा, माहुली गाव. पायथ्याला वनखात्याची पावती फाडायची, हा भाग तानसा अभयारण्यात येतो. चढायला अडीच ते तीन तास. शेवटी लोखंडी शिडी, ती चढली की वर. पाणी खालूनच घ्या, माणशी तीन लिटर. फेब्रुवारीनंतर वरच्या टाक्यांचा भरवसा धरू नका.

एकदा ऑक्टोबरमध्ये भंडारगडाकडे जाताना आम्ही करवीतल्या गुरांच्या वाटेला लागलो. करवी सात वर्षांनी फुलते, ते वर्ष फुलायचं होतं, सगळे मोबाइल काढून फोटोत रमले आणि वाट सुटली. तासभर त्याच रानात गोल फिरलो. कल्याण दरवाजाच्या बाजूच्या कातळपायऱ्या दिसल्या तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. उतरेपर्यंत अंधार झाला होता. तेव्हापासून गावातला वाटाड्या घेतो. त्याच्याच घरी जेवण सांगून ठेवायचं. नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं, ठेचा. चुलीवरून उतरलेली भाकरी ताटात पडते तेव्हा तिच्यावरची राख अजून गरम असते.

गडावरून काय दिसतं?

ऑक्टोबर-नोव्हेंबरची स्वच्छ सकाळ असेल तर एका बाजूला घाटमाथ्याची अख्खी भिंत, दुसऱ्या बाजूला तानसा तलाव. हा तलाव १८९२ सालचा, मुंबईला पाणी द्यायला बांधलेला. वैतरणा आणि भातसा ही धरणंही याच परिसरात.

आणि मार्च संपला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या वाटाड्याच्या अंगणात बसलो होतो. त्याची आई दोन हंडे भरून आली, डोक्यावरची चुंबळ काढली, आम्हाला तांब्या दिला. मी विचारलं, “मावशी, किती लांबून?” ती म्हणाली, “तुम्ही वरून बघितला ना तो तलाव, त्याच्या अलीकडून.” आणि माझ्या हातातल्या मिनरल वॉटरच्या बाटलीकडे बघून हसली.